झाडावरचा जावई

माझ्या बायकोची लग्नानंतरची पहिली आखाजी मी झाडावर बसून साजरी केली. चूक माझी नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या सासुरवाडीला ही हकीकत भलत्या टोकाकडून सांगायची खोड आहे, आणि दर वर्षी त्यात मी एकेक फांदी वर सरकतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी धरणगावचा, मॅट्रिक पास, जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर. शेठजींनी विलायतेहून नवं मशीन मागवलं आणि ते शिकून यायला सहा महिने मला धाडायचं ठरवलं. ("तू नकला झकास करतो. इंग्रजांचीबी करशील!" हे शेठजींचं कारण. माझ्या फिटरकीबद्दल अवाक्षर नाही!) तिकडचं जेवण खाऊन मी मेलो तर मशीन कोण जोडणार, या काळजीनं त्यांनी माझ्या बायकोलाही बरोबर धाडलं. लग्नाला तेव्हा जेमतेम तीन महिने झालेले.

सासरे आडवे आले. आबा धुळ्याकडचे. आवाज असा की बैलाला हाक मारली तर शेजारच्या शिवारातले बैल वळतात.

"मनी पोर पहिली आखाजीले माहेरमा नही?"

आता खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला सासरी गेलेल्या साऱ्या लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात आणि दिवसभर गाणी म्हणत उंच उंच जातात. त्यातून पहिली आखाजी! ती चुकली तर बाई म्हातारी होईपर्यंत नवऱ्याला ऐकवते.

शेवटी जळगाव स्टेशनावर आबांनी खिडकीचा गज धरला.

"जावईबापू, आंगण कोनंबी ऱ्हावो, आखाजीना दिवस मनी पोर झोकावर बसनी पाह्यजे!"

"बसेल, आबा."

"सबद द्या!"

गाडी हलली होती. आबा गज सोडेनात. मी शब्द दिला. (गाडी सुटताना घेतलेला शब्द धरायचा असतो का? तुम्हीच सांगा!) वर माझी बायको वेणू चौथी शिकलेली. झोका झाला की नाही, ते पत्रानं आबांना कळवायचं काम तिच्याकडे. माझ्यावर माझ्याच घरात हेर!

विलायतेत आम्ही कापडगिरण्यांच्या एका गावात उतरलो. मिसेस हॉब्ज नावाच्या बाईच्या घरात वरची खोली मिळाली. बाईचा नवरा जहाजावर असायचा. तिच्याबरोबर सहा दिवस राहिल्यावर तो जहाजावर का असतो हे मला समजलं. बाईचे नियम! भिंतीला खिळा नको. कांदा परतायचा नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय द्यायचा नाही, ती करकरते. आणि मागच्या बागेतल्या सफरचंदाच्या झाडाला हात लावायचा नाही. चुकलो की खालून बाई गाणं म्हटल्यासारखी ओरडायची, "मिस्टर पाटीऽऽऽल!" शेवटचा 'ल' छपरापर्यंत चढायचा.

तो 'ल' मी आठ दिवसांत पकडला. का नाही पकडणार? शाळेत मी दाराआडून हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती. सगळी शाळा घरी गेली होती! (हेडमास्तर स्वतः छत्री घेऊन निघाले होते. फाटकाशी त्यांच्या लक्षात आलं. पुढचं सांगत नाही.) संध्याकाळी मी बाईचा आवाज काढायचा आणि वेणू उशीत तोंड खुपसून हसायची. परक्या देशात बायकोला हसवणं हा गुन्हा आहे का?

वसंत ऋतू आला. म्हणजे लोक म्हणायचे की आला. जळगावला त्या दिवसांत रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, आणि इकडे मी दोन स्वेटर घालून वरून कोट! गिरणीतला माणूस मला विचारतो, "काय छान ऊब आहे नाही?" मी दात वाजवत हो म्हटलं. फक्त ते सफरचंदाचं झाड तेवढं फुललं होतं. पांढरी-गुलाबी फुलं, अंगभर. वेणू खिडकीत उभी राहून त्याच्याकडे बघायची. मला ते बघणं आवडलं नाही. त्या बघण्यात दोर दिसत होता.

"परवादिन आखाजी शे," वेणू म्हणाली.

"आठे कसानी आखाजी?" मी म्हटलं. "आंबा नही, लिंब नही."

"झाड शे."

"त्या झाडाला हात लावला तर बाई आपल्याला त्याखालीच पुरेल!"

"मंग इचारा ना तिले. तुमना सबद शे. मना नही."

मी विचारणार होतो. खरंच. पण दोन दिवस बाई दिसलीच नाही. घरात चिडीचूप. ना "पाटीऽऽल", ना पायरी. मला वाटलं, ऋतूचा परिणाम असेल. त्याच दिवसांत आमची हळदीची डबी अर्ध्यावर आली. "कुठं गेली हळद?" विचारलं, तर वेणू म्हणाली, "औषधले लागनी." कोणाच्या औषधाला, हे मी विचारलं नाही. (नवरे असले प्रश्न विचारत नाहीत, आणि मग त्यांना झाडावर बसावं लागतं.)

शनिवारी आखाजी. गिरणीला सुट्टी. वेणूनं पहाटेपासून बाईच्या तव्यावर पुरणपोळ्या भाजायला घेतल्या. लग्नातलं लुगडं नेसली, आणि थंडीसाठी वरून माझा ओव्हरकोट.

"जा. इचारी या," ती म्हणाली.

मी खाली गेलो. खुंटीवर बाईचा कोट नव्हता. बाई बाहेर! आता तुमच्यासारख्या सरळ माणसानं काय केलं असतं? वर जाऊन सांगितलं असतं, बाई घरी नाही. आणि वेणूचं तोंड एवढंसं झालेलं बघितलं असतं. मला ते बघवलं नसतं. म्हणून निव्वळ बायकोवरच्या प्रेमापोटी मी जिन्याखाली उभा राहिलो, आणि दोन्ही माणसांचं बोलणं एकट्यानं केलं.

"गुड मॉर्निंग, मिसेस हॉब्ज!"

"मिस्टर पाटीऽऽऽल!" (तो 'ल' त्या दिवशी असा काही चढला की मलाच मुजरा करावासा वाटला.)

मग मी इंग्रजीत विनंती केली. बाईनं इंग्रजीत नकार दिला. मी गहिवरलो. बाईही गहिवरली. शेवटी बाई म्हणाली, "येस, येस, येस!" आणि हसली. हसणं मी पदरचं घातलं. बाईला कधी हसताना ऐकलं नव्हतं.

वर गेलो. वेणू पोळी उलटत होती.

"काय म्हननी?"

"ऐकलं नाहीस? आधी नाही म्हणाली. मग मी असं बोललो की रडायला लागली बिचारी!"

"रडनी?"

"धाय मोकलून!"

वेणूनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "मंग बांधा झोका." एवढंच. मला वाटलं, आनंदानं शब्द फुटत नाहीत.

बाई परत यायच्या आत झोका बांधून, वेणूला दहा हेलकावे देऊन, सगळं सोडून ठेवायचं असा माझा बेत. दोर होता वळकटीचा. फळी म्हणून बाईचा इस्त्रीचा फळा. खोपटातून शिडी काढली आणि चढलो. सफरचंदाचं झाड लांबून नाजूक दिसतं. जवळून ते बाभळीचं नातेवाईक आहे! पँट फाटली. मधमाश्या आल्या. विलायतेत इतर काही वेळेवर चालत असेल-नसेल, मधमाश्या वक्तशीर आहेत. एक कानाशी, एक मानेशी, आणि मी दोन्ही हातांनी गाठी मारतोय. खाली वेणू ओव्हरकोटाच्या खिशात हात घालून मुकादमासारखी उभी.

"आखो घट्ट बांधा! आबानं वजन शे समजीसन बांधा!"

शेवटची गाठ मारली, आणि खाली फाटक वाजलं.

मिसेस हॉब्ज! गळ्याला लोकरीचा मफलर, हातात औषधाची बाटली. तिनं दोर बघितला. इस्त्रीचा फळा बघितला. मग मान वर करून फुलांमध्ये मला बघितलं. माझे पाय फांदीला चिकटले.

आणि वेणू! पळायचं सोडून ती धावत गेली, बाईचा हात धरला, कुंकवाची डबी काढून तिच्या कपाळाला चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं, आणि तिला थेट झोक्यापाशी घेऊन आली. मग वर बघून म्हणाली, "आवो, बाई काय म्हनी ऱ्हायनी? सांगा ना माले."

फुलांमुळे मला बाईचं फक्त डोकं दिसत होतं. पण मोका सोडायचा नाही म्हणून मी वरूनच दडपून सांगितलं, "बाई म्हणते, आखाजीच्या शुभेच्छा! म्हणते, झाड तुझंच समज, पोरी!"



"आवो," वेणू म्हणाली, "बाईनी तोंडच उघडं नही."

"अगं, हळू म्हणाली."

"सकाळे तं मोठा आवाज व्हता! धाय मोकलीसन रडनी, येस येस म्हननी. तिले पुन्हा तसंच बोलाले लावा ना."

बाईनं मफलर खाली केला, तोंड उघडलं आणि म्हणाली, "ख्ख्ख्ख."

"परवापासून बाईना घसा बसेल शे," वेणू म्हणाली. "दोन दिन मी तिले हळदीनं दूध दी ऱ्हायनू. आवाज सुईएवढाबी निंघत नही. मंग सकाळे जिनाखाले कोन बोलनं?"

मी मधमाशीकडे बघितलं. मधमाशीनं माझ्याकडे बघितलं.

"आनि झोकानं काल संध्याकायलेच ठरनं," वेणू पुढे म्हणाली. "मी हातनं झाड दखाडं, दोर दखाडा, असा असा हेलकावा दखाडा. बाईनी मान हालयी. तरी सबद तुमना, म्हनीसन सकाळे तुमलेच इचाराले धाडं. तेवढामा तुमना तमाशा सुरू व्हयना!"

म्हणजे त्या दोघींना सगळं ठाऊक होतं! परवानगी आधीच होती! मी पँट फाडून घेतली, माश्यांचे डंख खाल्ले, ते फुकट! मी संतापून म्हणालो, "मी खाली येतो, मग बोलू!"

वेणूनं शिडीचं एक टोक धरलं. मिसेस हॉब्जनं दुसरं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण शिडी त्यांनी अशी उचलली जणू दोघी एकाच गल्लीत वाढल्यात. नीट गवतावर आडवी ठेवली. मग वेणू झोक्यावर बसली आणि बाईनं मागून ढकललं.

झोका माझ्याच फांदीला! ती पुढे गेली की मी मागे, ती मागे आली की मी पुढे. फुलं गळताहेत, माश्या खवळताहेत, आणि मी फांदीला मिठी मारून "बस झालं!" करतोय. मग बाई बसली आणि वेणूनं ढकललं. बाई हसत होती, पण आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. (माझं सकाळचं हसणं साफ चुकलं होतं.)

"आते गानं म्हना," वेणू खालून म्हणाली. ती पुन्हा झोक्यावर बसली होती. "आखाजीले बायका गातीस. आठे कोन शे माले? तुमले बठ्ठासना आवाज येतस ना? काढा!"

मी चिडलेलोच होतो. म्हटलं, घे! वेणूच्या मावशीचा खोकत गाणारा आवाज काढला. वेणू फिदीफिदी हसली. काकूचा काढला, नाकातला. आणखी हसली. मग, काय सुचलं कोण जाणे, तिच्या आईचा आवाज काढला. लग्नात दोन दिवस ऐकला होता तेवढाच.

"वेणू, जास्ती उच्चा नको जाऊ वं माय! पदर सांभाळ!"

झोका थांबला.  मी फुलं बाजूला करून बघितलं. वेणू दोर घट्ट धरून खाली मान घालून बसली होती. मिसेस हॉब्जनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

"आखो एकदा," वेणू म्हणाली.

मी म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. किती वेळा ते मोजलं नाही. माश्या चावत होत्या, पण आता खाली उतरवा म्हणायची माझी छाती होईना.

मग त्या दोघी पुरणपोळी खायला आत गेल्या. शिडी गवतावरच! वेणूनं खिडकीत बसून आबांना पत्र लिहिलं, आणि पाकीट बंद करण्याआधी मला मोठ्यानं वाचून दाखवलं: "तीर्थरूप आबांस, आखाजी चांगली झाली. झोका मिळाला. आई भेटली. जावई झाडावर आहेत. उतरले की तेही लिहितील."

मी उतरलो, पण लिहायचं राहून गेलं. तेवढीच माझी चूक, ती मी कबूल करतो. कारण ते पत्र आबांनी त्यांच्या आवाजात ओट्यावर वाचलं, म्हणजे तालुक्यानं ऐकलं!

परवा धुळ्याला एका लग्नात गेलो. एक म्हातारेबुवा मला ओळखेनात. मी सांगितलं, विलायतेला जाऊन आलो. ओळख पटेना. सांगितलं, जळगावातलं पहिलं विलायती मशीन मी जोडलं. तरी नाही. शेवटी जीव मुठीत धरून झाडाचं सांगितलं.

"अरे, तो तुम्ही!" म्हातारेबुवा उठले, माझे दोन्ही हात धरले आणि मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "पोरंहो, यासनी खुर्ची काढा! यासले उच्चं बसाडू नका!"

आणि मला सतरंजीवर बसवलं.