किरण मारलेली पपई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शिरूरजवळच्या आमच्या प्लँटवर चिरलेल्या पपईच्या बंद पाकिटांवर किरण सोडून जंतू मारतात. किरण फळात राहत नाहीत, हे प्लँट पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना पटवणं माझं काम.

दौंड स्टेशनवरच्या मावशी पेरू चिरायच्या आणि दर फोडीला सुरी पदराला पुसायच्या. मी तिथंच खायचो.

मी त्या प्लँटवर कामाला आहे हे त्यांना ठाऊक होतं. एकदा म्हणाल्या, "दादा, सुनेला क्यान्सर हाय. डॉक्टर म्हनत्यात, उघडं फळ न्हाई, तुमचं पाकीट चालंल. पर तिला किरणांचं भ्या वाटतं. तुमी खाता का?"

"रोज," त्यांच्याच पेरूची फोड चावत मी म्हणालो.

"व्हय, दिसतंय की!" त्या हसल्या. "बरं, देते तिला. तुमच्या भरवशावर."

सून आता पपई खाते. मी मात्र किरणांच्याच भीतीपोटी आजवर एकही पाकीट फोडलेलं नाही. मावशींसमोर त्यातली एक फोड खाणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.