हर्निया सांगायचं

विरारच्या आमच्या नर्सिंग होममध्ये पुरुषांना एकच आजार होतो, हर्निया. अंडकोषाच्या शिरा फुगल्या, त्यापायी मूल होत नसलं, तरी बाहेर बसलेल्यांना हर्नियाच सांगायचं. केसपेपर मी लिहिते, म्हणून मला ठाऊक. मला या शब्दाची किळस आलीय.

लिली सिस्टर वसईजवळच्या पापडीची, तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात. जांघेत मोठा छेद घेऊन नुसत्या डोळ्यांना दिसतील तेवढ्या शिरा बांधायचे, तेव्हापासूनची. बारीक शिरा राहून जायच्या, पुन्हा फुगायच्या; कधी धमनीही बांधली जायची. मग दुर्बीण आली. आता मायक्रोस्कोपखाली धमनी जपून एकेक शीर बांधतात, पेशंट संध्याकाळी चालत घरी जातो. एवढं सगळं बदललं, पण बाहेर येऊन लिली तेच सांगायची, "हर्निया होता."

तिला मूल नव्हतं. सासूने तिच्यासाठी नोव्हेना, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना केल्या, तिच्याच तपासण्या, तिलाच इंजेक्शनं. नवरा ऑगस्टीन म्हणायचा, "माझं काय तपासायचंय?" त्याच्या जांघेतला लग्नाआधीचा व्रण हर्नियाचा, असं त्यानेच सांगितलेलं. लिलीने विश्वास ठेवला. हर्निया काय, शिरा काय, दोन्ही ऑपरेशनांचा छेद तिथेच असायचा.

गेल्या महिन्यात ऑगस्टीनला दुखायला लागलं. सोनोग्राफीत शिरा फुगलेल्या निघाल्या. लिलीला वाटलं, नवीन दुखणं. ऑपरेशनला तीच उभी राहिली. मायक्रोस्कोपमधून बघता बघता डॉक्टर थांबले. "सिस्टर, इथे जुन्या रेशमी गाठी आहेत. यांच्या शिरा आधीही बांधल्यात. हर्निया नव्हता हा."

ऑगस्टीनला भूल कमरेखालीच होती. पडद्यापलीकडून तो म्हणाला, "लिली, बाहेर आयला हर्नियाच सांग."

बावन्न वर्षांच्या बाईला हे ऐकावं लागलं. तिने डॉक्टरांच्या हातात पुढचा दोरा दिला. हे मला नंतर तिनेच सांगितलं.

बाहेर माझ्या टेबलासमोर सासू जपमाळ घेऊन बसली होती. लिली बाहेर आली तशी तिने विचारलं, "परत हर्निया जाला का गो?"

"हर्निया कधी नव्हताच, आय. मूल न व्हायला यांच्या शिरा कारण होत्या. लग्नाच्या आधीपासून."

म्हातारीने आजूबाजूला पाहिलं. "माला म्हायती हाय. हळू बोल, लोकं बसलीत."

"हर्निया कधी नव्हताच," लिली पुन्हा बोलली, पहिल्यापेक्षा मोठ्याने.