नेमकी कायची इंजिनिअर

नवं बेअरिंग हातात दिलं की ती ते आधी कानाशी धरून फिरवायची. "थांबा जी काका, आयकू द्या," म्हणायची, आणि दुकानातली बाकी गिऱ्हाइकं उगाच गप्प व्हायची. मला राग यायचा. पवनीत पट्टे, पाइप, नट-बोल्ट विकता विकता माझे केस पिकले. माझ्या मालावर असा संशय कोणी घेतला नव्हता. मग त्यातलं एखादं बाजूला ठेवून ती म्हणायची, "हे कुरकुरते." ते खरंच कुरकुरत असायचं.

कोंढ्याकडच्या एका खेड्यातली ही पोरगी, नागपूरला मेकॅनिकल शिकलेली. कारखान्यात नोकरी लागली तेव्हा तिचे वडील दुकानात पेढे घेऊन आले. वर्षभरात तिनं ती सोडली. या वेळी ते रिकाम्या हातानं आले. "एकच काम जनमभर करू का म्हणते जी," एवढंच बोलले.

तिथून पुढे तिचा धंदा मी तिच्या खरेदीवरून ओळखायला लागलो. पट्टे आणि चाळण्या नेल्या, म्हणजे राइस मिल. पुढच्या हिवाळ्यात जाड लोखंडी पिना मागायला आली.

"आता हे काहून?"

"नाटक कंपनीत आहे काका. मंच उभा करून देते."

झाडीपट्टीतली नाटकं तुम्ही पाहिली असतील तर ठाऊकच आहे. आज या गावात मंच, उद्या खोलून गाडीत, परवा दुसऱ्या गावात. आमच्या या बाईसाहेबांनी सांगाड्याचे सगळे जोड असे करून दिले होते की पिना काढल्या की मंच उतरला. त्यानंतर निळे प्लास्टिकचे ड्रम न्यायला लागली. धरणाच्या पाण्यात मासे पाळायचे तरंगते पिंजरे बांधत होती.

"एका जागी बूड टेकव की वं," मी म्हणायचो.

"टेकवीन जी. सारं पाहू तर द्या."

गावात लोक वडिलांना हटकून विचारायचे, "तुमची पोट्टी नेमकी कायची इंजिनिअर हाय?" बिचारे जमिनीकडे बघायचे. माझ्याजवळ ती एकदाच बोलली. "मले कोणी काही म्हणो काका. पण बाबाले उत्तर देता येत नाही, ते पाहवत नाही." त्या दिवशी तिनं बेअरिंग कानाला न लावताच नेलं.

मग एका उन्हाळ्यात तिच्या गावची पंचाईत झाली. गावच्या शेतकऱ्यांची सोसायटी नदीवरून पाणी उचलते. पंपघर काठावर, सिमेंटमध्ये पक्कं. पण वैनगंगेचं पाणी धरणाच्या मर्जीनं पुढे-मागे सरकतं. पाणी मागे गेलं की मंडळी पंपाच्या तोंडाला आणखी पाइप जोडायची, दरवर्षी. त्या साली नदी इतकी खाली गेली की पंप नुसता घरघरायचा, थेंब उचलेना. इकडे उन्हाळी धान निसवायला आलेला. लोंब्या भरायच्या वेळी पाणी नाही म्हणजे दाण्याऐवजी हातात नुसतं तणीस.

सोसायटीच्या बैठकीला मीही होतो, पाइपाचा भाव सांगायला. ती उठली. "पाइप वाढवून काही होत नाही जी. पाण्याले पंपाकडे नका बोलावू. पंपालेच पाण्यावर न्या. तरंगू द्या."

अध्यक्ष हसले. "पंप का डोंग्यात बसवतेस? तू नेमकी कायची इंजिनिअर हायेस ते तर सांग."

सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. ते उभे राहिले. त्यांची शेती पाटाच्या तोंडाशी, पाण्याची पहिली पाळी त्यांची. म्हणाले, "माही पाळी शेवटी घ्या. पाणी नाही पुरलं तर माहा धान गेला. पण तिले करू द्या."

घरचं वर्षाचं खाणं त्या धानाच्या बांध्यांत उभं होतं. अध्यक्षांनी पाइपाच्या भावाचा कागद मला परत दिला.

पिंजऱ्यांचे ड्रम आले, मंचाचा सांगाडा आला, माझ्या दुकानातल्या पिना आल्या. पंप तराफ्यावर चढला, तिथून काठापर्यंत जाड रबरी नळी. मोटार सुरू झाली आणि तिनं हात वर केला. "थांबा जी, आयकू द्या." मोटार बंद करून पंपाच्या एका पायाखाली पत्र्याची चकती सारली, पुन्हा सुरू करून ऐकलं. हा कान राइस मिलमधला. मग मान हलवली. नळी फुगली, आणि पाटात पाणी असं कोसळलं की पुढे वाकून पाहणारे अध्यक्ष कमरेपर्यंत भिजले. बाया पदर खोचून पाण्याच्या पुढे धावल्या. मी या वयात पाटाच्या कडेनं पळत होतो, सांगायला लाज कसली?

एकेक बांधी भरत गेली. वडील आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून होते. सगळ्यांच्या शेवटी पाणी त्यांच्या पायाशी आलं, तेव्हा चपला काढून उभे राहिले. ती लांबूनच बघत होती.

आता ती इथे नाही. नदीकाठच्या गावांना असे तराफे करून देत फिरली, गावोगावी तिला बोलावणी यायची, आणि तेही सोडून पुढे गेली. मागे फोनवर मला विचारत होती, फुग्याचं कापड कुठं मिळतं. मी कशाला ते विचारलं नाही, शोधून पाठवलं.

परवा तिचे वडील पंख्याचं बेअरिंग न्यायला आले. एका गिऱ्हाइकानं जुनाच प्रश्न काढला, "तुमची पोरगी नेमकी कायची इंजिनिअर हाय जी?"

"कायची नाही, ते विचारा," ते म्हणाले. मग बेअरिंग कानाशी धरून सावकाश फिरवलं. सगळे गप्प झाले. ते बाजूला ठेवून मला म्हणाले, "हे कुरकुरते."

ते अजिबात कुरकुरत नव्हतं. मी दुसरं काढून दिलं.