कोरियाच्या रावांचं नाव

माझ्या सासूबाई आमचं कोपरखैरण्याचं घर सोडून जासईला नणंदेकडे राहायला गेल्या, त्याला कारण मी आहे. माझा नवरा समजत होता की कारण तो आहे. मी त्याला तसं समजू दिलं.

त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसातून आले की चहा घेता घेता टीव्हीवर एक कोरियन मालिका बघायचे, हिंदीत डब केलेली. सासूबाई सोफ्यावर पाय लांब करून लसूण सोलत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "हा कोण गो? याला एवढंसंच काम का दिलंय? हिरोपेक्षा हाच बरा दिसतो."

तो हिरोचा मित्र होता. मुलीसाठी छत्री घेऊन उभा राहायचा आणि मुलगी हिरोबरोबर निघून जायची. मी सांगितलं, "आई, ही जुनी आहे. आता तो मोठा हिरो झालाय."

"मग पहिल्यापासून दाखव की. पोरगा कसा वर आला ते बघू."

मग आम्ही त्याची कामं शोधून क्रमाने बघायला लागलो. पहिल्या मालिकेत तो राजाच्या मागे कंदील धरून उभा होता, एक शब्द नाही. पण सासूबाईंनी त्याला बरोब्बर ओळखलं. "तुझे सासरे पन गावच्या नाटकात असेच उभे राहायचे," त्या म्हणाल्या. "भाला धरून. मी आपली त्यांच्याकडंच बघत बसायची, राजा काय बोलतो त्याचा पत्ता नाय." सासऱ्यांबद्दल त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या. मी हसले, त्याही हसल्या.

पुढे त्याला मित्राची कामं मिळाली, मग डॉक्टरच्या हाताखालची, मग वकिलाच्या. शेवटी एकदाचा तो हिरो झाला, तेव्हा सासूबाईंनी मला शिरा करायला लावला. एका सिनेमात कैद्याच्या कामासाठी तो अगदी काडी झाला होता. "याला कोनी जेवायला घालत नाय का?" असं म्हणून त्यांनी तो सिनेमा अर्ध्यात बंद करायला लावला. मग तो लष्करात गेला. तिकडे सगळ्या मुलांना जावंच लागतं, हे मी त्यांना समजावलं. "ते ठीक आहे गो, पन लोक विसरतात. परत आल्यावर कामं मिळायला हवीत." मी ऑफिसातून आले की चपला काढायच्या आत विचारायच्या, "आला का तो?"

खरं सांगायचं तर, माझ्या लग्नानंतरचा हा आमचा सगळ्यात चांगला काळ होता. त्याआधी आम्ही बोलायचो ते भाजी आणि पाणी, एवढंच.

मग संक्रांत आली. दरवर्षी मी सोसायटीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावते. तिळाचे लाडू सासूबाई वळायच्या, वाणाच्या डब्या पुसून मांडायच्या, कुंकवाची कोयरीसुद्धा भरून ठेवायच्या, आणि बायका यायच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायच्या. सासरे गेल्यापासून असंच. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. बसा, असंही मी कधी म्हटलं नाही. माझ्या ते सोयीचं होतं.

त्या दिवशी उखाण्यांना रंग चढला होता. माझं झालं होतं. समोरच्या फ्लॅटमधली म्हणाली, "काय गं, तुझ्या सासूबाई हल्ली कोरियन बघतात म्हणे? वॉचमन सांगत होता, संध्याकाळी खाली येतच नाहीत."

"बघतात? अगं, प्रेमात पडल्यात!" मी म्हटलं. सगळ्या हसल्या. त्या हसण्याने मला चेव आला. मी पदर सावरून उभी राहिले आणि म्हटलं, थांबा, त्यांच्या वतीने मीच नाव घेते:

"टीव्हीच्या पडद्यावर बर्फ पडतो छान,
कोरियाच्या रावांचं नाव घेते, सासूबाईंचा राखून मान!"

एकच हशा झाला. कोणीतरी ओरडलं, "अगं मग त्यांना बोलव बाहेर, कुंकू लावूया!"

आणि मला दिसलं की आतलं दार उघडं आहे. दारात त्या उभ्या होत्या, हातात लाडवांचं दुसरं ताट. त्याही हसल्या. ताट टीपॉयवर ठेवलं, "घ्या हो, गोड बोला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही लावला. "तू बघ. मला डोळ्यांना त्रास होतो," त्या म्हणाल्या. पुन्हा कधी त्यांनी "आला का तो?" विचारलं नाही. होळीच्या आधी नणंदेकडे चार दिवस म्हणून गेल्या, त्या तिथेच राहिल्या.

नवऱ्याने संक्रांतीच्या जरा आधी एकदा ऑफिसच्या कॉलवर असताना त्यांना झापलं होतं, "आई, टीव्हीचा आवाज कमी कर ना जरा!" त्याने तेच मनाला लावून घेतलं. कानाला लावायचे हेडफोन घेऊन जासईला गेला, बहिणीसमोर आईच्या पाया पडला. परत आला तो चेहरा पाडून. "माझंच चुकलं," म्हणाला. मी त्याला ताट वाढलं. भातावर तूप घातलं. गप्प राहिले. एकदा नाही, दोनदा असंच झालं.

मागच्या महिन्यात एका शनिवारी तो भांडी पुसता पुसता म्हणाला, "आज पुन्हा जातो. माफी मागतो नीट." मला ते सहन झालं नाही. उखाण्यासकट सगळं सांगितलं. तो फडका हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी दोनदा पाया पडलो तिच्या. तू नुसती बघत राहिलीस." फडका खुंटीला अडकवून त्याने गाडीची किल्ली घेतली. "चल, मी सोडतो. वर तिच्याकडे तू एकटीच जा."

जासईच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर खोळंबले होते.

सासूबाई जमिनीवर बसून वाल सोलत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"कळलं होतं मला, तू बोललीस तेव्हाच," त्या म्हणाल्या. चार वाल सोलून परातीत टाकले. "त्या पोरावरून चेष्टा केलीस त्याचं काय नाय. पन तुमी सगळ्या नावं घेता, मी दर वर्षी आत बसून ऐकते. माझ्याकडं पन एक नाव हाय. ते कोन विचारत नाय, आणि तू मला दुसऱ्याचं दिलंस."

मी रडायला लागले. आणि काय सुचलं कोण जाणे, रडत रडत म्हटलं, "मग घ्या ना आई, आत्ता घ्या. मी ऐकते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. "आता? तुला बरं वाटावं म्हनून?" वालाची परात त्यांनी माझ्याकडे सरकवली. "सोल. लेक येईल माझी इतक्यात कामावरून."

मी सोलत बसले. घरी चला, असं विचारायचं धाडस झालं नाही. निघताना त्यांनीच म्हटलं, "त्याला सांग, त्याच्यावर माझा राग नव्हता. उगाच झुरत असेल."

खाली नवरा गाडीला टेकून उभा होता. "येतेय का?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्या जे बोलल्या ते सगळं, मला बोलल्या तेही, तिथेच उभी राहून त्याला सांगितलं.