ओसरीवरून स्वयंपाकघरात, सावेडीमार्गे

नगरच्या सावेडी भागातल्या माझ्या क्लासमध्ये मी दहावीच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवते. एकाचं बोलणं दुसऱ्याला कसं सांगायचं, हा धडा मुलांना भयंकर जड जातो. 'मी'चा 'तो' करा, 'आज'चं 'त्या दिवशी' करा, क्रियापद एक पायरी मागे ढकला. मुलं वैतागतात. गेल्या वर्षी मी त्यांना म्हणायचे, "तुम्हाला निदान मार्क मिळतात. मी हेच काम घरी फुकट करते."

घरी म्हणजे राहुरीजवळच्या गावात, आई आणि आबा राहतात तिथे. भावाचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, एकदा जेवायला आले होते. आबांनी भर पंगतीत मोबाईल काढला आणि आईच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग लावलं. व्याह्यांना हसता हसता ठसका लागला. आईने त्यांना पाणी दिलं, सगळ्यांना भात वाढला आणि त्या जेवणापासून आबांशी बोलणं टाकलं. आबा तरी कुठे कमी? त्यांनीही तोंडाला कुलूप लावलं.

पण एका घरात राहायचं तर काहीतरी बोलावं लागतंच. मग आबा ओसरीवरून मला सावेडीत फोन करायचे, "तुझ्या आईला सांग, चहा टाक." मी आईला फोन करायचे. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "त्यांना सांग, दूध नासलंय. आन् ऐकायला आलंय मला, मी काय बहिरी न्हाई." हे ओसरीवर आबांनाही ऐकू जायचं. तरी ते माझ्या फोनची वाट बघत बसायचे.

हे निरोप पोहोचवताना मी पुस्तकात नसलेला एक नियम पाळायचे. अपशब्द गाळायचे आणि वर थोडी साखर पेरायची. "त्या माणसाला म्हणावं, गिळायला या," याचं माझ्याकडून "आई जेवायला बोलावतेय" व्हायचं. खरं सांगायचं तर मला त्यात मजाही यायला लागली होती.

मजा संपली ती आईच्या डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात उजवा फारच पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. आईने अट घातली, "तुझा बाप चुकलं म्हणला तर जाईन. न्हाई तर ऱ्हाईन अशीच आंधळी." आबांचीही अट तयार होती, "ती आदी बोलली तर मी बोलंन."

इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांचे प्रकार मी फळ्यावर दर वर्षी लिहिते. घडण्यासारखं, नुसतं कल्पनेतलं आणि वेळ निघून गेल्यावरचं. त्या शेवटच्या प्रकाराची मला पहिल्यांदाच धास्ती वाटली. 'वेळेवर नेलं असतं तर दिसलं असतं', हे वाक्य मला आमच्या घरात नको होतं.

म्हणून मी आईला सरळ थाप मारली. "आबा म्हणाले, चुकलं माझं."

"आसं म्हणले?"

"अगदी असंच."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "कधी जायचं दवाखान्यात?"

ऑपरेशन नगरला झालं. आईला बाहेर आणून खाटेवर बसवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याने तर आधीच सगळं धुरकट. आबा पायथ्याशी उभे होते.

"अहो, हायत का तुमी?" आईने विचारलं.

सवयीप्रमाणे आबांनी नुसती मान हलवली.

"आलंच न्हाईत व्हय?" तिचा आवाज एवढासा झाला.

"हाय की," आबा घाईघाईने बोलले. "हितंच हाय."

"चुकलं म्हणला व्हता म्हणं तुमी?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघायला लागले.

"म्हणलो आसंन," आबा म्हणाले.

"मग ते मोबाईलमधलं पुसून टाका."

"न्हाई पुसणार."

झालं, माझी सगळी मेहनत पाण्यात गेली असं मला वाटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईही कान टवकारून बसल्या होत्या. आबा खाटेचा दांडा धरून, खाली बघत बोलत होते. "रातची लाइट आसली का मळ्यात जावं लागतं पाणी भरायला. तिथल्या खोलीत एकट्याला झोप येत न्हाई. ते लावलं का लागती. व्याही म्हणत व्हते, झोपंचं लई हाल हायत. म्हनून त्यांना उपाय दाखवला."

एवढे दिवस मी दोघांचे निरोप वाहत होते, पण हे वाक्य आबांनी माझ्याकडे कधी दिलंच नव्हतं. आई पट्टी चाचपत बसली होती, आणि मला कुणी 'तिला सांग' किंवा 'त्यांना सांग' म्हणत नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या मग," शेवटी आईच म्हणाली. "पण बारीक आवाजात लावत जा. शेजारच्या मळ्यात पण मानसं झोपत्यात."