दातखाऊ ओंडका

नवऱ्यामागं वहिनींनी सुतारकामाचं दुकान चालवायला घेतलं, तेव्हा दिरानं भाकीत केलं होतं, "चार महिन्यांत किल्ल्या आणून देतील." वर्षं गेली, किल्ल्या वहिनींच्या कमरेलाच राहिल्या.

मग तो ओंडका आला. विहीर खणताना निघालेला. साल, गाठ, वलयं सगळं जागच्या जागी. जड होता, पण भिजलेलं लाकूड जडच असतं. वहिनींनी हौसेनं तो यंत्राच्या करवतीखाली घातला. ठिणग्या उडाल्या, पात्याचे दात साफ बोथट.

दीर चहाचा कप घेऊनच धावत आला. "दगड कापताय वहिनी? दादा असता तर..."

"त्यांचेही दात गेले असते. चहा सांडतोय तुमचा."

भूगर्भशास्त्र शिकणारी लेक ओंडक्यापाशी उकिडवी बसली. "आई, हे झाडच होतं. पडल्यावर लगेच गाळाखाली गाडलं गेलं. हवा मिळाली नाही, म्हणून कुजायचं राहिलं. मग पाण्यात विरघळलेली गारगोटी त्याच्या कणाकणात मुरत गेली. लाखो वर्षं."

"म्हणजे लाकूड संपलं?"

"जवळजवळ. ठेवण तेवढी तीच राहिली."

वहिनींनी गाठीवरून अंगठा फिरवला. "गाडलं तरी कुजलं नाही म्हणजे. राहू दे दारात."

आठवड्यानं दीर एका वखारवाल्याला घेऊन आला. दुकान विकायचं त्यानं परस्पर ठरवलं होतं. फक्त वहिनींची सही हवी होती. "लाकूड आणि दगड ओळखता येत नाही, कशाला हा खटाटोप?"

वखारवाला, जन्म लाकडात गेलेला, दारातल्या ओंडक्याशीच थबकला. रेषांवरून बोट नेत म्हणाला, "दुकानाबरोबर हाही द्या. जुना, मुरलेला माल आहे."

दीर खोकला. वहिनींनी भिंतीवरची हातकरवत काढून पाहुण्यापुढं धरली. "कापून बघा की."

त्यानं दोनदा ओढली, वाकून पाहिलं, ओंडक्यावर बोटानं टकटक केलं आणि खो खो हसत सुटला. "बाई, हे काय ठेवलंय दारात?"

"झाड आहे. आमच्या भावजींना विचारा, त्यांना फरक कळतो."

"भावजींचं राहू द्या. सहीचं काय?" पाहुण्यानं विचारलं.

"सही नाही. आज नाही, उद्याही नाही."

पाहुणा हसतच पायऱ्या उतरला. दीर मागोमाग निघाला, तशी वहिनींनी बोथटलेलं पातं कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

"बाजारात जाताय ना भावजी? एवढी धार लावून आणा. सकाळी दोन दारं द्यायचीत मला."