गार बॉनेट

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माझी पत्नी शुभा गेली.

पेट्रोलची गाडी होती तेव्हा थंडीत मी घरी आलो की ती विरजण लावलेले भांडे टॉवेलात गुंडाळून तापलेल्या बॉनेटवर ठेवायची. इंजिनाची ती ऊब वाया जाते, असे पुस्तकांत म्हणतात. तिने ती वाया जाऊ दिली नाही.

इलेक्ट्रिक गाडी आली आणि बॉनेट गार राहू लागले. “अहो, तुमच्या या शहाण्या गाडीला साधं दही लावता येत नाही!” म्हणत तिने भांडे कणकेच्या डब्यात ठेवले.

आता संध्याकाळी चार्जिंगची वायर लावताना माझा हात बॉनेटवर जातो. मग आत जाऊन कालच्या दह्यातले चमचाभर आजच्या दुधात घालतो. तिचे विरजण अजून चालू आहे.